चार पॉइंटांचं गाव

स्क्रॅबलच्या बोर्डवर माझ्या गावाची किंमत चार पॉइंट. ए एक, आर एक, एन एक, आय एक. झालं! त्यातही या खेळात विशेषनामं चालत नाहीत, म्हणजे खरं तर भोपळाच. क्यू आणि झेड दहा-दहा पॉइंट घेऊन मिरवतात, जे आणि एक्सला आठ-आठ मिळतात, आणि आमची आर्णी आपली चिल्लर मुठीत धरून कोपऱ्यात उभी.

पण ही चार अक्षरं जरा हलवून बघा. आर-ए-आय-एन. रेन. पाऊस!

ज्या तालुक्याचं वर्षाचं सगळं गणित जूनच्या पावसावर उभं राहतं किंवा आडवं होतं, त्याच्या नावातच पाऊस लपलाय. तोही सरळ नाही, अक्षरांची जागा बदलून, म्हणजे अगदी आमच्या पावसासारखाच. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ऑफिसमधल्या तीन जणांना धरून धरून दाखवलं. दोघं ‘ओह नाइस’ म्हणाले. तिसऱ्याने विचारलं, ‘आर्णी म्हणजे एक्झॅक्टली कुठे गं?’

तर आर्णी, जिल्हा यवतमाळ. (नाही, ‘नागपूरच्या बाजूला’ नाही. पुण्यातल्या माणसाच्या डोक्यात विदर्भ म्हणजे नागपूर आणि त्याचं पार्किंग.) यवतमाळहून नागपूर-तुळजापूर हायवेने चाळीसेक किलोमीटर आलात की आमचं गाव. अरुणावती नदी, बाबा कंबलपोष यांचा दर्गा, हंगामात कापसाने फुगलेल्या गाड्या, एसटी स्टँड. पुढे माहूर. रेणुकामातेला जाणारे कित्येक जण आमच्या स्टँडवरचा चहा पिऊन गेलेले असतात, गावाचं नाव मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही. 20 मार्च 2014 ला आमच्या तालुक्यातल्या दाभडी गावात नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली, तेव्हा टीव्हीवर आर्णीचं नाव झळकलं. मग परत सगळं शांत.

ऑफिसात माझ्या गावाचं ‘अर्नी’ होतं. ‘ॲज इन अर्नॉल्ड?’ हा विनोद मी किमान दहा वेळा ऐकलाय आणि दहाही वेळा हसलेय, कारण समोर बहुतेक वेळा सीनियर असतो. दोष त्यांचाही नाही म्हणा. रोमन लिपीत ‘ण’ला जागाच नाही. अभ्यासक मंडळी एनच्या खाली टिंब देऊन ‘ण’ लिहितात, पण आधार कार्डावर ते टिंब कोण देणार? आणि त्यात आणखी एक आर्णी तमिळनाडूत आहे, रेशमी साड्यांसाठी नावाजलेली. रेल्वेत ‘आर्णी रोड’ नावाचं स्टेशन आहे ना, ते त्यांचं. आमच्याकडे रेल्वेच नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी लाइन होतेय, तिचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, पण यवतमाळनंतर ती दारव्हा, दिग्रस, पुसद करत जाणार. म्हणजे आर्णीच्या चार अक्षरांत एक टी घातला की ‘ट्रेन’ होते, पण फक्त कागदावर.

हे ‘एक अक्षर घाला’ प्रकरण सुरू झालं ते वर्डलमुळे. आठवतंय ना जानेवारी 2022? जॉश वॉर्डल नावाच्या माणसाने आपल्या जोडीदारासाठी एक साधा खेळ केला, रोज एक पाच अक्षरी शब्द, सहा संधी. ऑक्टोबर 2021 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला, आणि तीन-चार महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्सने विकतही घेतला. आमच्या टीमच्या ग्रुपवर सकाळी स्टँडअपच्या आधी हिरवे-पिवळे चौकोन पडायला लागले. (सीनियर मंडळी लगेच, ‘हे काहीच नाही, आमच्या वेळी स्क्रॅब्युलस होतं!’ खरंय. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी ते काढलं होतं, 2007-08 मध्ये फेसबुकवर जगभरची ऑफिसं त्यात बुडाली होती, मग स्क्रॅबलवाल्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि मजा संपली.) तर वर्डलला पाच अक्षरं लागतात. माझ्याकडे गावची चार होती. पाचवं शोधायचं, एवढंच.

मी वहीच केली. रोज कॅबमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. त्या ट्रॅफिकमध्ये माणूस एक पीएचडी करून घेऊ शकतो, मी तर फक्त शब्द जमवत होते.

आधी चारचेच. रेन झाला. मग रानी, हो, आपली राणी. इंग्रजी डिक्शनरीत ती केव्हाच जाऊन बसलीय, स्क्रॅबलमध्येही चालते. पुन्हा ‘ण’ गेलाच. इराण होतं, पण तो देश असल्यामुळे बोर्डवर बंदी. नायर हे आडनावही याच चार अक्षरांचं, आमच्या फ्लोअरवर दोन आहेत, दोघांनाही मी ही बातमी दिलीय. आणि ‘ए-आय-आर-एन’ असा एक शब्द आहे, स्कॉटिश, अर्थ लोखंड. तो मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही, पण खेळात पॉइंट मिळवून देतो.

एक अक्षर बदलून बघितलं तर आणखी मजा. आयच्या जागी दुसरा ए ठेवला की ‘अरना’. अरना म्हणजे रानरेडा, आणि अरनी म्हणजे रानम्हैस. रानम्हशीचं शास्त्रीय नावच ‘बुबॅलस आर्नी’, रॉबर्ट केर या स्कॉटिश माणसाने 1792 मध्ये दिलेलं. ही रानम्हैस महाराष्ट्रात आज गडचिरोलीच्या कोलामार्काच्या जंगलात उरलीय. आमच्या गावाचं नाव तिच्यावरून पडलं असा माझा अजिबात दावा नाही. पण ‘अर्नॉल्डवालं अर्नी का?’ असं विचारणाऱ्याला ‘नाही, जंगली म्हशीवालं’ असं उत्तर देता येतं, आणि पुढचा प्रश्न येत नाही.

आता पाच अक्षरी. टी घाला, ट्रेन. जी घाला, ग्रेन, म्हणजे दाणा. पूर्वी इंग्रजांकडे ग्रेन हे वजनही होतं, जवाच्या एका दाण्याएवढं, आजच्या हिशेबात 65 मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे सोनाराची गुंज होती तसंच. सी घाला, केर्न, म्हणजे दगडांची रास; वाट दाखवायला किंवा आठवण म्हणून रचलेली. शेताच्या बांधावर म्हसोबापाशी असते तशी. वाय घातला की रेनी, ‘रेनी डे’वाला. ओ घातला तर ‘नोरिया’. हा माझा लाडका. मूळ अरबी शब्द, अर्थ रहाटगाडगं! पाण्याच्या जोराने फिरणारं, नदीचं पाणी वर उचलणारं मोठं चाक. सीरियात हमा शहरात नदीवर अशी जुनी लाकडी चाकं आहेत. आमच्या अरुणावतीवर असं एक चाक असतं तर, असं मी एका सिग्नलला पंधरा मिनिटं इमॅजिन केलं होतं.

एफ घातला की आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा ‘इन्फ्रा’. इन्फ्रा टीम, इन्फ्रा कॉस्ट, इन्फ्रा स्टॉक. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता ‘खाली’ एवढाच. गावाकडे हायवे झाला तेव्हा सगळे म्हणाले इन्फ्रा आलं.

आणि डी. डीने तर कमालच केली. ए-आर-एन-आयमध्ये डी टाकला की एक होतो दिनार. रोमन लोकांचं नाणं देनारियस, त्यावरून अरबांचा दिनार, आणि आपल्याकडे गुप्तकाळात सोन्याच्या नाण्याला दीनारच म्हणायचे. दुसरा होतो ‘नेडिर’, खगोलशास्त्रातला अधोबिंदू. डोक्यावरचं आकाशातलं टोक झेनिथ, आणि बरोबर त्याच्या समोर, पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडचं टोक नेडिर. इंग्रजीत ‘सगळ्यात वाईट अवस्था’ या अर्थाने वापरतात. कापसाचा भाव पडतो तेव्हा वापरायला बरा. तिसरा, इंद्र! आय-एन-डी-आर-ए. पावसाचा देव, आर्णीत एक अक्षर घातलं की हजर. (यालाही बोर्डवर परवानगी नाही. देव असला तरी विशेषनाम.) आणि चौथा ‘ड्रेन’. आमच्याकडे त्याला नाली म्हणतात. पुण्यात गटार म्हणतात. मी इथे पहिल्यांदा ‘नाली’ म्हणाले तेव्हा रूममेटला वाटलं मी कुठल्या तरी मुलीबद्दल बोलतेय.

ड्रेनवर मी थांबले. कारण त्याच्या वरच्याच ओळीत, बीच्या रकान्यात, मी ‘ब्रेन’ लिहिलेला होता.

ब्रेन. ड्रेन. दोन्ही शब्दांच्या पोटात आर्णी. बी लावली की मेंदू, डी लावली की वाहून जाणं. ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्दप्रयोग 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळला, तिथले शास्त्रज्ञ अमेरिकेत निघून जात होते त्यावर. नंतर तो आपण उचलला, अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या इंजिनिअर लोकांसाठी. आर्णीहून पुण्याला येण्यासाठी मात्र तो कुणी वापरत नाही. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही ना! रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं एक तिकीट पुरतं. माझ्या दहावीच्या वर्गातली किती पोरं आज आर्णीत आहेत ते मी एकदा बोटांवर मोजलं होतं. दोन्ही हातांची बोटं लागली नाहीत.

आता जरा शाळेबद्दल. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमची बॅच त्यानंतरची. मॅडम फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही एका सुरात ओरडायचो, ‘आर-ए-आय-एन रेन, रेन म्हणजे पाऊस!’ चाळीस पोरं, पत्र्याचं छप्पर. स्पेलिंग आणि अर्थ अशी ती जोडी असायची, टाळ-मृदंगासारखी. त्यातलं काही विसरणं शक्यच नाही. कॉन्व्हेंटवाल्या कलीग्ज या प्रकाराला हसतात. पण रोज सकाळी वर्डल सोडवताना मी मनात तेच करते, आणि त्यांच्यापेक्षा बहुतेक वेळा एक ओळ आधी सुटते. असो.

स्पेलिंग आलं म्हणजे इंग्रजी आलं असं नाही, हे मला पहिल्या नोकरीने शिकवलं. यवतमाळला इंजिनिअरिंग करून 2018 मध्ये मी पुण्यात एका कंपनीत लागले. (नाव नको.) क्लायंट कॉलवर बसवण्याआधी दोन दिवसांचं व्हॉइस ट्रेनिंग होतं. ट्रेनर छान होती, पॉलिश्ड, मृदू आवाजाची. तिने प्रत्येकाकडून एक परिच्छेद वाचून घेतला आणि फॉर्मवर खुणा केल्या. माझ्या फॉर्मवर तीन अक्षरं लिहिली, एम-टी-आय. मला वाटलं डिग्रीसारखं काही असेल. त्याचा अर्थ ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’. मातृभाषेचा परिणाम. ताप, खोकला, मातृभाषा! पुढे रकाना होता, ‘सिव्हिअर, मॉडरेट, माइल्ड’. माझ्यापुढे सिव्हिअर. कॉलवर बसायला मला तीन महिने जास्त लागले, आणि त्या तीन महिन्यांचा कॉलचा भत्ता बाकीच्यांना मिळाला, मला नाही.

हा राग मी वहीत काढला. ट्रेनर हा शब्द घ्या, टी-आर-ए-आय-एन-ई-आर. सात अक्षरं, त्यात आर्णी आहेच. ती सात हलवली की होतं ‘रीट्रेन’, पुन्हा शिकवणे. परत हलवली की ‘टेरेन’. म्हणजे जमीन, भूभाग, चढउतारांसकट. लॅटिन ‘टेरा’वरून आलेला. तेच सात ठोकळे, एक इकडे नाही की तिकडे नाही. ट्रेनर मला रीट्रेन करत होती, आणि माझ्या जिभेवर होती ती जमीन. तेव्हा सुचलं असतं तर फॉर्मवर लिहून आले असते.

स्क्रॅबलवाल्यांना विचाराल तर आर्णीची अक्षरं हा खजिना आहे. 1930 च्या दशकात, अमेरिकेतल्या मंदीत, आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टची नोकरी गेली. रिकामा वेळ होता. त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून खेळ बेतला. 1948 मध्ये जेम्स ब्रुनोने त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं. एकूण ठोकळे शंभर. त्यात ए नऊ, आय नऊ, आर सहा, एन सहा. करा बेरीज. तीस! शंभरातले तीस ठोकळे आमच्या गावचे. ही अक्षरं सगळ्यांच्या कामाला येतात, म्हणून त्यांना एक-एक पॉइंट. झेड पिशवीत एकुलता एक, त्याला दहा. (अप्रेझल मीटिंगमध्ये बसलेल्या कुठल्याही माणसाला हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही.)

सातही ठोकळे एका दमात लावले की पन्नास पॉइंटांचा बोनस मिळतो. आणि अट्टल खेळाडू ज्या सात अक्षरांच्या नावाने नवस बोलतात, त्यातला एक संच म्हणजे आर्णी अधिक ई, टी, एस. त्यातून होतात ‘रेटिनाज’ (डोळ्यातले पडदे, मूळ लॅटिन शब्द जाळ्याचा), ‘रीटेन्स’ (एचआरचं आवडतं, माणसं टिकवून धरणं), ‘नॅस्टिअर’ (जास्त वाईट), ‘स्टिअरिन’ (मेणबत्तीत आणि साबणात वापरतात ती चरबी), ‘रेत्सिना’ (राळेचा वास असलेली ग्रीक वाइन), आणि ‘अँट्सिअर’, म्हणजे अंगात मुंग्या शिरल्यासारखा जास्तच चुळबुळा. त्या सात ठोकळ्यांत एचआर, डोळा, साबण आणि वाइन!

यातल्या किती शब्दांचा अर्थ खेळणाऱ्याला माहीत असतो? गरजच नसते. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स, स्क्रॅबलमधला सचिन म्हणा हवं तर, 2015 मध्ये फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला. फ्रेंच येत नसताना! नऊ आठवड्यांत शब्दांची यादी पाठ केली आणि जिंकला. 2024 मध्ये स्पॅनिशमध्ये तेच. मला त्या माणसाबद्दल प्रचंड आदर आहे आणि थोडी असूयाही. त्याच्या फ्रेंचवर एम-टी-आयचा शेरा मारणारं कुणी नव्हतं, कारण त्याला बोलायचंच नव्हतं.

देवनागरीत हा खेळ जमत नाही, हेही सांगते. आर्णी म्हणजे आपल्या हिशेबात दोनच अक्षरं, आ आणि र्णी. रफार णीच्या डोक्यावर बसलेला, दीर्घ वेलांटी बाजूला उभी. उलटं केलंत तर ‘र्णीआ’, जे कुणालाही म्हणता येणार नाही. आपली अक्षरं आपापला काना-मात्रा घेऊन फिरतात, सुटी होत नाहीत. म्हणून ‘चिमा काय कामाची’ हे उलटसुलट वाचता येतं, पण ते अख्ख्या अक्षरांनी. लहानपणी आम्ही गावांच्या नावांच्या भेंड्या खेळायचो आणि मी मुद्दाम ‘आर्णी’ म्हणायचे. समोरच्यावर ‘ण’ यायचा. ‘ण’वरून गाव कुठून आणणार? मग भांडण, मग ठरलेला नियम, ‘ण आला की न घ्यायचा.’ आणि समोरचा हसत हसत ‘नेर’ म्हणायचा. तेव्हाच आमच्या ‘ण’चा ‘न’ झाला होता तर!

आता वहीतलं ते पान, जे मी ऑफिसात कुणाला दाखवलं नाही.

एम आणि जी अशी दोन अक्षरं घातली की ‘मार्जिन’. कंपनीचं मार्जिन, वहीचा समास, आणि मूळ लॅटिनमध्ये काठ, कड. सरकारी भाषेत एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला तो मार्जिनल फार्मर, सीमांत शेतकरी. मार्जिनला एक टी लावा आणि हलवा. मायग्रंट. स्थलांतरित. टी काढा, एफ लावा, हलवा. फार्मिंग. तपासून बघा, मी चार वेळा तपासलं. मधल्या सहा ठोकळ्यांना हात न लावता एफ ठेवलात तर शेती, टी ठेवलात तर मी.

त्या दिवशी मी ‘फार्म’ हा शब्दही डिक्शनरीत उघडून बसले. वाटलं होतं माती, नांगर, असं काही निघेल मुळाशी. निघालं भलतंच. फार्म हा शब्द जुन्या फ्रेंच ‘फेर्म’वरून, आणि तो लॅटिन ‘फिर्मा’वरून, ज्याचा अर्थ ठरलेली रक्कम. जमीन कसायला घेऊन मालकाला दरवर्षी द्यायचा ठरावीक पैसा, म्हणजे आपल्या भाषेत चक्क मक्ता! आधी मक्ता, मग मक्त्याने घेतलेली जमीन, आणि मग कधीतरी सगळीच शेती फार्म झाली.

हे वाचताना मला हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात बाबांचा फोन येऊन गेला होता. बाबा चौसष्ट वर्षांचे. कोरडवाहू चार एकर, कापूस आणि तूर, कधी सोयाबीन. गुडघे गेलेत. भाऊ नागपूरला नोकरीत. दोन वर्षांपासून त्यांचा एकच विषय, ‘मक्त्यानं देऊन टाकू का वं?’ मी दर वेळी ‘बघू ना बाबा’ म्हणते. तेही दर वेळी ‘हो, पाहू’ म्हणतात आणि दुसरं काही बोलतात. शेत मक्त्याने गेलं की परत आपल्या हाताखाली येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, गावातली उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. आणि नाही दिलं तर कोण करणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही, भावाकडेही नाही.

फोनवरचं बाकीचं सगळं बोलणं पाण्याबद्दल. आमच्याकडे पावसाला पाणीच म्हणतात. ‘पानी आलं का वं तिकडे? इकडे त नुसतं आभाय येते अन् जाते.’ इथे त्याच वेळी माझ्या ग्रुपवर वेगळंच चाललेलं असतं. ‘सो मच रेन यार’, ‘डब्ल्यूएफएच प्लीज’, ‘आज डिनरला रेनचेक देते.’ हा रेनचेकही मी शोधलाय. अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात, बेसबॉलची मॅच पावसाने थांबली की प्रेक्षकांना एक चिठ्ठी द्यायचे, नंतरच्या मॅचला ती दाखवून फुकट आत जायचं. तेव्हापासून रेनचेक म्हणजे ‘आज नको, पुढे कधीतरी’. पेरणीला असली चिठ्ठी मिळत नाही. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. लोक ऐकतात, थांबतात, मग एक जोराची सर येते, शेजारच्याने पेरलं म्हणून आपणही पेरतो, आणि पुढचे पंधरा दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणी. बियाण्याची पाकिटं पुन्हा आणायची, बहुतेक उधारीवर.

गेल्या जूनमध्ये आठ दिवसांची सुट्टी काढून घरी गेले. लीव्हच्या अर्जात कारण लिहिलं ‘पर्सनल’. बॅगेत स्क्रॅबलचा सेट टाकला होता, भाच्यासाठी. भाचा दोन डाव खेळला आणि मोबाइलकडे वळला. बाबा मात्र ओसरीवर ठोकळे घेऊन बसले. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात, बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्यांवरून लावून लावून शिकलेले आहेत. मी चार ठोकळे मांडून दाखवले, आर्णी. मग हलवून रेन. मग डी घालून इंद्र. ते बघत राहिले. इंद्रावर जरासे हसले. मग पिशवीत हात घालून आणखी ठोकळे काढले, एक-एक डोळ्याजवळ नेऊन बघितले.

‘कापूस होते का याच्यात?’

मी बोर्डवर लिहून दाखवलं. सी-ओ-टी-टी-ओ-एन. आर्णीचा फक्त एक एन, बाकी काहीच जुळत नाही.

‘मंग?’ म्हणाले. ठोकळे गोळा करून पिशवीत भरले, नाडी ओढली. थोडा वेळ गेटकडे बघत बसले. ‘दोन एकर देऊन पाहू यंदा मक्त्यानं. दोन मी करतो.’ आणि मी काही बोलायच्या आत, ‘पानी कवा येते ते दाखव बरं त्या मोबाइलात.’

मी ॲप उघडलं. गुरुवार, 40 टक्के.